कॅम्पातली जूनची खरेदी

बेळगावच्या माणसासमोर नुसतं 'कॅम्प' म्हटलं तरी त्याच्या डोळ्यांपुढे मोठाली झाडं, जवानांच्या कवायती आणि गणवेशातली पोरं येतात. १८३२ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली, म्हणून हे नाव पडलं. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात आहे. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा तर १८५६ सालची. त्यामुळे मे महिना संपत आला की इथल्या रस्त्यांवर एकच गडबड दिसते. वह्या, दप्तरं, रेनकोट आणि हातात शाळेची यादी घेतलेले आईबाप.

मंडळी, नोकरीमुळे मी पुण्यात असलो तरी मेअखेर बेळगावला जाणं चुकवत नाही. यंदा बहिणीबरोबर भाचीच्या खरेदीला गेलो होतो. भाची तिसरीत गेली. तिची यादी वाचली की सीमाभागातलं बालपण कळतं. इंग्रजीला चौरेघी, मराठी आणि कन्नडला दुरेघी, गणिताला चौकटी वही. दुकानातही तसंच. बहीण विचारते, "काका, दुरेघी आहे काय?" काका तिला मराठीत उत्तर देतात, पलीकडच्या अक्कांशी कन्नड बोलतात आणि पोऱ्याला हिंदीत हाक मारतात. यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही.

कॅम्पातली दुकानं शाळांच्या जवळ, म्हणून सोयीची. एखादी वही, पेन्सिल, ऐनवेळी लागलेला चार्टपेपर इथेच घ्यावा. पण दोन मुलांची वर्षभराची खरेदी असेल तर धर्मवीर संभाजी चौक ओलांडून गावात शिरायचं. गणपत गल्ली, खडेबाजार आणि पुढे घाऊक मालाची रविवार पेठ. हिंडलगा, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून बसने आलेली कुटुंबंही तिथेच भेटतात. दोन-तीन जावा मिळून डझनाच्या भावात वह्या घेतात आणि दुकानाच्या पायरीवरच वाटून घेतात. डझनाचा भाव एकट्याला परवडला नाही तरी तिघींना परवडतो.

आता थोडा हिशेब. माझा धंदाच आकड्यांचा, त्यामुळे राहवत नाही. वहीची किंमत बघू नका, पानाची बघा. समजा, ९२ पानांची वही २५ रुपयांना आणि १७२ पानांची ४३ रुपयांना आहे. पहिलीत पान २७ पैशांना पडतं, दुसरीत २५ पैशांना. मग मोठी वही स्वस्त का? पोरगं ती भरणार असेल तरच. चित्रकला किंवा मूल्यशिक्षणाच्या वहीतली निम्मी पानं कोरीच राहतात, तिथे लहान वहीच बरी. पानांची संख्या वेष्टनावर छापलेली असते, ती वाचावी. कागद बोटांत धरून बघावा. शाई मागे उमटली तर त्या वहीचं एकच अंग वापरता येतं, म्हणजे स्वस्त वही दुप्पट महाग पडली.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, क्रेयॉन आणि खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. वहीवर आधी १२ टक्के होता. कंपासपेटीवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचा माल पुढे आला तर नवा भाव विचारायला लाजू नका.

आमच्या आईच्या पिढीला हे हिशेब कुणी शिकवले नव्हते, तरी ती सगळी त्यात तरबेज होती. वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, दाभणाने शिवायची आणि कच्ची वही तयार. पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत घ्यायची, त्याला आधीच सांगून ठेवायचं, "नीट वापर रे, पुढे आमच्याकडं यायची आहेत." कव्हराला खाकी कागद, नाहीतर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. यातलं बरंच आजही जमण्यासारखं आहे. भाचीच्या कच्च्या वहीसाठी आम्ही तेच केलं. तिला त्या शिवलेल्या वहीचं नव्या दप्तरापेक्षा जास्त कौतुक आहे.

सीमेवरची गंमत निपाणीला आणखी कळते. गावाला लागूनच अर्जुननगर, तिथलं देवचंद कॉलेज महाराष्ट्राच्या हद्दीत. कर्नाटकातल्या शाळा जूनच्या सुरुवातीच्या आसपास भरतात, पलीकडच्या जूनच्या मध्यावर. पुस्तकंही वेगळी. पलीकडे बालभारती, अलीकडे मराठी माध्यमाची पुस्तकंसुद्धा कर्नाटक सरकारची. बालभारतीने २०२३ मध्ये वह्यांचा खर्च आणि दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून पुस्तकातच कोरी पानं घातली होती. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आमच्या बेळगावच्या पोरांना त्याची झळही नाही आणि लाभही नाही. कोल्हापूरचा मावसभाऊ आपली जुनी पुस्तकं प्रेमाने देतो, पण ती इथल्या शाळेत चालत नाहीत. वही मात्र दोन्हीकडे चालते.

हे सगळं इतकं लिहायचं कारण वेगळं आहे. दर जूनमध्ये आपल्यापैकी अनेकजण, अनेक मंडळं, सीमाभागातल्या मराठी शाळांना शैक्षणिक साहित्य देतात. हेतू चांगलाच असतो. पण पुण्या-मुंबईहून एकरेघी दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे येतात, आणि पहिली-दुसरीच्या पोरांना हवी असते दुरेघी आणि चौकटी. सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकारकडून मिळतात. वह्या, कंपासपेटी, रंग, छत्री हा खर्च घरच्यांचाच. ज्या घरात दोघंही रोजंदारीवर जातात, तिथे तीन पोरांच्या वह्या म्हणजे काही दिवसांची मजुरी. यादीतलं काही राहिलं की पोरगं वर्गात मागे बसतं, आणि पटावरचं एकेक नाव कमी होत गेलं तर मराठी शाळाच उरत नाही.

तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी देणगी द्यायची असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना फोन करा. पोरं किती, कोणत्या इयत्तेत, वह्या कोणत्या रेघेच्या, एवढं विचारा. मग खरेदी बेळगावातच करा. वाहतुकीचा खर्च वाचतो, वही चुकीची निघाली तर दुकानदार बदलून देतो आणि इथल्या बाजारात चार पैसे फिरतात. जमलं तर मुलांना घेऊन स्वतः या. पहिला पाऊस पडलेला असतो, कॅम्पातली झाडं धुऊन निघालेली असतात, आणि वह्यांचं ओझं हातात असलं तरी कॅम्पातून चालायला मजा येते.