मधला सेल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मिरजेला मामांकडे राहतो, सकाळी कॉलेज करतो आणि दुपारनंतर त्यांच्या बॅटरीच्या दुकानात बसतो. ट्रॅक्टर, रिक्षा, इन्व्हर्टर यांच्या बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी बघायची, पाणी भरायचे, टर्मिनलवर साचलेला पांढरा थर गरम पाण्याने धुवायचा, ही कामे मला आता झोपेतही जमतील. पण ज्या बॅटरीने मला जन्माची अद्दल घडवली ती यांपैकी नव्हती. ती एखाद्या जाड कंपासपेटीएवढीच होती आणि एका खेळण्यातल्या गाडीची होती.

खेळणे म्हटलेले आमच्या दादाला आवडत नाही. दादा म्हणजे मामांच्या माडीवर भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. रेडिओच्या लहरींवर चालणारी हातभर लांबीची गाडी त्याने स्वतः जुळवली होती. त्याच्या कॉलेजच्या उत्सवात अशा गाड्यांच्या वेगाची स्पर्धा होती. 50 मीटरचे अंतर सव्वादोन सेकंदांत तोडले की ताशी 80 किलोमीटर वेग होतो. तेवढे त्याला गाठायचे होते. 2014 साली अमेरिकेत निक केस यांच्या विजेवरच्या छोट्या गाडीने ताशी 325 किलोमीटर वेग गाठला होता, हे त्यानेच मला सांगितले. मला ते आधी खरेच वाटेना.

त्याच्याकडे लिथियमचे दोन पॅक होते. एक नवा, दुसरा वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुना घेतलेला. त्यांची परीक्षा घ्यायला तो आमच्या दुकानात आला. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट दाखवतो आणि 3 च्या खाली गेला की कायमचा बिघडू लागतो. दादाच्या पॅकमध्ये असे तीन सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे भरल्यावर 12.6 व्होल्ट. वेष्टनावर शंभर नव्हे, अडीचशे अँपिअर देण्याची फुशारकी होती. पण वेष्टनावरचा आकडा आणि अंगातली ताकद एकच असते असे नाही, हे बॅटरीच्या दुकानात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आम्ही गॅरेजमधून मोटारीच्या हेडलाइटचे 55 वॅटचे दहा बल्ब आणले आणि समांतर जोडले. दहाही पेटले की साधारण 45 अँपिअर प्रवाह वाहतो. दादाने घड्याळ धरले, मी मीटर धरला आणि माझ्या इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहीत गेलो. नवा पॅक 12.6 वरून 12.1 वर आला आणि तिथे बराच वेळ तग धरून राहिला. जुना मात्र एकदम 11.4 वर उतरला. मी प्रत्येक सेल वेगळा मोजला. दोन्ही कडेचे 4 व्होल्टांच्या आसपास होते. मधला मात्र 3.4 वर आला होता. चार्जरवर अंतर्गत रोध पाहिला : कडेचे चार-चार मिलिओहम, मधला अठरा. शिवाय पॅकच्या पोटाला किंचित फुगवटा होता. आतल्या रसायनाचे विघटन होऊन वायू धरला की असा फुगवटा येतो.

दादा एकूण आकडा पाहून म्हणाला, "साडेअकरा आहे की! चालेल. पहिल्या फेरीला नवा लावू, दुसऱ्या फेरीला हा."

मी मनाशी हिशेब केला. गाडी सुसाट सुटली की शंभर अँपिअर ओढणार. म्हणजे मधल्या सेलचे 1.8 व्होल्ट त्याच्या पोटातच जिरणार आणि तेथे 180 वॅट उष्णता होणार. घरातले साठ वॅटचे तीन जुने बल्ब एका सेलच्या आत पेटवल्यासारखे! गाडीत बॅटरी फार उतरली की मोटर बंद करणारी सोय होती, पण ती फक्त एकूण व्होल्ट पाहत होती. कडेचे दोघे सावरून धरत असल्यामुळे मधला मरतो आहे हे तिला कळणारच नव्हते. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी दरडोई उत्पन्न शिकवताना हेच सांगितले होते : सरासरीत सगळ्यात दुबळा माणूस दिसत नाही.

हे सारे मला कळत होते, तरी मी बोललो नाही. वाटले, हा इंजिनिअरिंगचा, आपण एस.वाय.बी.ए.चे. आपण दुकानात पाणी भरणार, आपण याला काय शिकवायचे? चुकलो तर हसेल. मी वही मिटली.

स्पर्धेच्या दिवशी पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत गाडी निम्म्या अंतरावर अडखळली आणि तिच्या पोटातून पांढरा धूर निघाला. दादा धावला आणि पॅकची पिन ओढायला वाकला. तेवढ्यात ज्वाळा उसळली. मामांच्या सांगण्यावरून मी वाळूची बादली नेली होती, ती ओतली. इतरांना काही झाले नाही, पण दादाच्या उजव्या हाताची तीन बोटे भाजली. वर्षभराची त्याची गाडी वितळून काळा गोळा झाली.

चार दिवसांनी हाताला पट्टी बांधून तो दुकानात आला. कारण शोधायचे म्हणून माझी वही मागितली. मागचे पान त्याने बराच वेळ पाहिले. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तू लिहिलं होतंस. मग बोलला का नाहीस?"

मला उत्तर देता आले नाही.

2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिथियम बॅटरीसाठी तिघांना मिळाले. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. लहानपणी त्यांना धड वाचता येत नसे, असे मी वाचले आणि वाचताना मला आमचे अण्णा आठवले. अण्णांना तर अक्षरच येत नाही. ऊस काट्यावर नेला की ते पावती घेत आणि घडी घालून खिशात टाकत. वजन कमी लागल्यासारखे वाटले तरी कधी बोलले नाहीत. "शिकलेल्या मानसाम्होरं काय बोलायचं," म्हणत. मला वाटायचे, मी शिकलो की हे गप्प बसणे आपल्या घरातून जाईल. ते माझ्याबरोबर एस.टी.त बसून मिरजेपर्यंत आले होते.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा अण्णांना सगळे सांगितले. वाटले, ते पाठीवर हात ठेवून म्हणतील, जाऊ दे. ते चुलीतले लाकूड सारत राहिले. मग म्हणाले, "मला आकडं वाचाय येत न्हवतं, म्हणून मी गप बसायचो. तुला तर येत हुतं की."

परत येताना त्यांनी काट्याच्या जुन्या पावत्यांची पिशवी माझ्या हातात दिली. ती घेऊन आलो आहे. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर एकेक पावती वाचतो आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर आकडे उतरवतो. येत्या हंगामात अण्णांबरोबर काट्यावर मीही उभा राहणार आहे.