विंडसरची वारी

मुलाकडे अमेरिकेला गेलेला मराठी बाप नायगारा पाहतो, न्यूयॉर्कच्या बंदरातल्या देवीसमोर फोटो काढून घेतो आणि परत येऊन चार वर्षे तेच सांगत बसतो. मी २०१८ साली गेलो आणि पाहून आलो व्हरमाँट संस्थानातले विंडसर नावाचे खेडेवजा गाव. आमच्या सौभाग्यवतींनी हे अजून कुणाला सांगितलेले नाही.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव न्यू हॅम्पशायरात राहतात. संगणकात डोके घालून कंटाळलेल्या या गृहस्थाने एका दिवंगत कारागिराचे जुने ब्रिजपोर्ट मिलिंग मशीन त्याच्या पत्नीकडून विकत घेतले. "भंगारात घालू नका," एवढीच बाईंची अट होती. टनभर वजनाचे ते धूड गॅरेजमध्ये आले, आणि त्याबरोबर कागदाचा एक कपटाही आला नाही. ब्रिजपोर्टला बसतात असे ऐकून चिरंजीवांनी 'आर-८' जातीचे कॉलेट मागवले, ते स्पिंडलमध्ये शिरेनात. मग पुण्याला मला फोन. मी तीस वर्षे टूलरूममध्ये काढलेली, तेव्हा मला विचारणार नाही तर कुणाला? टेबलाखाली निपल आहेत म्हणाला. मी म्हटले, "अरे, निपल दिसले की ग्रीस-गन लावायची. त्यात विचारायचे काय?"

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबरात मी तिथे पोहोचलो तेव्हा टेबल जड चालत होते. दोघांनी हॅण्डल फिरवले की कसेबसे सरके. जुन्या यंत्रांचे म्युझियम विंडसरला आहे, असे चिरंजीवांनी शोधून काढले होते. एका रविवारी निघालो. कनेटिकट नदी ओलांडायला तिथे १८६६ साली बांधलेला लाकडी, छप्पर घातलेला पूल आहे. घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशी पाटी अजून वर आहे. पलीकडे ॲस्कटनीचा डोंगर, आणि झाडे तर अशी लाल-पिवळी, की कुणी हळदीकुंकवाचे तबकच उपडे केले असावे. पण आमचे लक्ष होते १८४६च्या एका विटांच्या इमारतीकडे.

हा रॉबिन्स आणि लॉरेन्स यांचा बंदुकांचा कारखाना. एका बंदुकीचा भाग दुसरीला हुबेहूब बसावा, ही त्यांची करामत. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात ती पाहून इंग्रज चकित झाले आणि एन्फील्डच्या सरकारी कारखान्यासाठी त्यांनी इथून शंभरावर यंत्रे मागवली. एन्फील्ड म्हटले की आपल्याला १८५७ची काडतुसे आठवतात; त्या नावाचा एक धागा या ओढ्याकाठच्या गावापर्यंत येतो, हे मला ठाऊक नव्हते. १९६६पासून इथे अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे.

आणि तिथेच ब्रिजपोर्टचे पहिले मशीन उभे आहे, क्रमांक एक! रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम हे दोघे स्वीडनहून आलेले भागीदार. मिलिंगचे डोके ते आधीपासून बनवतच होते. त्याला शोभेल असे धड बॅनोला १९३६ साली सुचले. पुढे अशी लाखो मशीने झाली. चिरंजीव क्रमांक एकपुढे हात जोडून उभे. मीही मनातल्या मनात जोडले.

तिथल्या एका वृद्ध स्वयंसेवकाला आमच्या मशीनचे फोटो दाखवले. टेबलाखालच्या वर-खाली होणाऱ्या भागाला 'नी', म्हणजे गुडघा म्हणतात. मशीनचा क्रमांक त्या गुडघ्यावर असतो आणि डोक्याचा क्रमांक वेगळा, हे त्याने प्रथम सांगितले. आमचे डोके जुन्या 'एम' जातीचे. त्याला 'आर-८' कॉलेट कसे बसणार? मग त्याने विचारले, तेल कोणते घालता?

चिरंजीव म्हणाले, "निपलमधून ग्रीस घातले."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ते निपल दिसतात ग्रीसचे, पण आहेत तेलाचे. आत बारीक नळ्या आणि पन्हळी असतात. ग्रीस त्यात साबणासारखे घट्ट बसते आणि सरकपट्ट्या कोरड्याच घासत राहतात. सरकपट्ट्यांना घट्ट, चिकट वे-ऑइल. डोक्यातल्या स्पिंडलला पातळ तेल. "हे कुणी सांगितले तुम्हाला?" त्याने विचारले.

चिरंजीव म्हणाले, "असेच, कुठेतरी वाचले."

परतताना त्या पुलापर्यंत मी काही बोललो नाही. पुलाच्या अंधारात म्हटले, "माझे नाव का नाही सांगितलेस?"

"बाबा, पुढे बघा, दोन डॉलर दंड आहे."

पुढचे चार दिवस आम्ही टेबल उतरवले, सॅडल उतरवले, रॉकेल आणि पितळी तारेने एकेक नळी मोकळी केली. पॉलिश कागदाला मी हात लावू दिला नाही. सरकपट्टीवर खरवडून काढलेल्या चंद्रकोरी असतात, त्या नक्षी नव्हेत. त्यांत तेल धरून राहते. आमच्या मशीनच्या मधल्या भागातल्या कोरी झिजून गेल्या होत्या, कडेच्या मात्र जशाच्या तशा. तो कारागीर आयुष्यभर लहान लहान कामे टेबलाच्या मध्यावरच करीत आला असावा.

सगळे जोडून निपलला तेल दिले. बराच वेळ काहीच नाही. मग सॅडलच्या कडेने एक बारीक, सोनेरी रेघ उमटली. चिरंजीवांनी एका बोटाने हॅण्डल फिरवले आणि मला म्हणाले, "आता तुम्ही."