जुन्या नांवाची हांक

नांव बदलणें सोपें. परंतु बदललेल्या नांवाचा ठावठिकाणा विचारणाऱ्या प्रत्येकास सांगेल असा माणूस नेमणें अवघड, असें आमचें मत आहे. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें, तेव्हां तें अधिक दृढ झालें. मात्र याचा पहिला धडा आम्हांस दिला तो महाविद्यालयांतील संगणकांनीं.

ही गोष्ट २००२ सालची. आमचे कार्यालय व ग्रंथालय यांतील वीसेक संगणक विंडोज एनटी ४.० च्या एका डोमेनमध्यें नांदत होते. डोमेन म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणा. कर्ता सर्व्हर एक. त्याच्या वहींत सर्वांचीं नांवें व परवलीचे शब्द. कुटुंबाचें नांव पंधरा अक्षरांच्या आंतलें. कोणास शोधावयाचें झाल्यास चौकांत उभें राहून हांक मारावी व ज्याचें नांव त्यानें 'ओ' द्यावी, अशी रीत. दूरच्या खोल्यांसाठीं विन्स नांवाची नोंदवही असे.

विंडोज २००० आली आणि रीत बदलली. तिची ॲक्टिव्ह डिरेक्टरी डीएनएसवांचून उभीच राहत नाहीं. नांवावरून अंकी पत्ता सांगणारी ही पद्धति पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखली. येथें तिजकडे आणखी एक काम येतें: डोमेनचा कारभारी सर्व्हर कोणता, हें विशेष नोंदींवरून सांगणें. म्हणून आधीं डीएनएसची व्यवस्था लावावी, एक दुय्यम सर्व्हर अद्ययावत करून बंद ठेवावा व मगच मुख्य सर्व्हरास हात घालावा, हा शहाणपणाचा क्रम.

आमच्याकडील कंत्राटदाराच्या माणसांनीं सर्व्हर उत्तम चढविला. परंतु नांवें विचारण्यासाठीं प्रत्येक संगणकास पत्ता दिला तो इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या डीएनएसचा! त्या परक्यास आमच्या घरचीं नांवें कशीं ठाऊक असणार? ऐन प्रवेशाच्या दिवसांत भूम-परंड्याहून एस.टी.नें आलेलीं मुलें खिडकीशीं तिष्ठत होतीं, आणि आंत नवे संगणक कारभाऱ्याचा शोध घेत ताटकळत होते. चमत्कार हा कीं, विंडोज ९८ चे जुने संगणक सुरळीत चालत होते. ते जुन्याच नांवानें हांक मारीत आणि नवा सर्व्हर त्या नांवासही 'ओ' देई.

पुढें सर्व संगणकांस आमच्याच डीएनएसचा पत्ता दिला व बाहेरचे प्रश्न त्यानें कंपनीकडे धाडावेत असें ठरविलें. एका दुपारींत काम झालें. विन्सची वही मात्र शेवटचा जुना संगणक निघेपर्यंत आम्हीं मोडूं दिली नाहीं.

आज हें आठवण्यास कारण आहे. आमच्या शहराचा पिनकोड ४१३५०१ व जिल्ह्यांतील गाड्यांवरील एमएच २५ हे अंक नामांतरानंतरही तेच राहिले. प्रश्न उरला नांवाचा. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर उस्मानाबाद आहे, त्यांच्या मुलांच्या दाखल्यांवर धाराशिव येतें; दूरच्या शहरांतील कारकुनास हें एकच गांव आहे हें कोणी सांगावयाचें? तो अडला तर नोकरी अडते. आणि धाराशिव तरी कोठें नवें? निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून उस्मानाबाद हें नांव पडल्यावरही खेड्यांतील वृद्ध धाराशिवच म्हणत, व ऐकणारा त्यांस वाट दाखवी.

नव्या नांवाचा अभिमान अवश्य बाळगावा; परंतु जुन्या नांवानें हांक आली तर 'ओ' देणारें कोणी घरांत असूं द्यावें.