आठ जणांची चिप

आज संध्याकाळी प्रोपेलर पुन्हा ब्रेडबोर्डवर बसवली. पॅरलॅक्स कंपनीने 2006 मध्ये आणलेली, चिप ग्रेसी यांनी रचलेली ही चिप. हिच्यात आठ 32 बिटी प्रोसेसर. त्यांना कॉग म्हणतात. प्रत्येकाची स्वतःची दोन किलोबाइट मेमरी. सामाईक मेमरी मात्र हब नावाचा मधला भाग पाळीपाळीने देतो, गावातल्या पाटपाण्यासारखी, फक्त इथे कुणाची पाळी चुकत नाही.

इंटरप्ट मुळीच नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. एक कॉग कीबोर्ड वाचतो, दुसरा टीव्हीवर चित्र काढतो, तिसरा आवाज घडवतो; कुणीच कुणाचं काम तोडत नाही. आंद्रे लामोथ यांनी याच एका चिपवर हायड्रा हा गेम कन्सोल उभा केला, वेगळी ग्राफिक्स चिप न लावता! चित्राची ओळन् ओळ प्रोग्रॅममधून घडते. हौशी माणसाला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

हल्लीच्या चिपा वेगवान आहेत, हे खरंच. पण प्रोपेलर आतून वाचता येते: 2014 मध्ये कंपनीने तिचा व्हेरिलॉग भाषेतला आराखडाच खुला केला. तो आराखडा उघडून वाचा, आणि तुमच्याकडे एफपीजीए बोर्ड असेल तर त्यावर चालवून पाहा.