पेनसिल्वेनियाच्या रस्त्यावरची हरणे

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात गाडीतून जाताना नजर सारखी कडेच्या झाडीकडे जाते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हा माजाचा हंगाम. पहाटे आणि दिवेलागणीला नर बेभान होऊन थेट गाडीपुढे येतात. हॅरिसबर्गहून उत्तरेकडे जाताना दोन तासांत आम्ही कडेला मरून पडलेली पाच हरणे मोजली.

"सगळी वाया जात नाहीत," तिथे स्थायिक झालेले आमचे भाईजान म्हणाले, "लोक घरी नेऊन खातात."

आम्हाला नवल वाटले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार मेलेले हरीणही सरकारचे. ते गुपचूप घरी नेणे म्हणजे गुन्हा. तिथे राज्याच्या रहिवाशाने चोवीस तासांत गेम कमिशनला कळवायचे, परवान्याचा क्रमांक घ्यायचा, की मांस त्याचे. शिंगे मात्र जमा करावी लागतात, नाहीतर त्यांचे पैसे भरावे लागतात. ते बरेच आहे, नाहीतर शिंगांच्या हौसेपायी कोणी मुद्दाम गाडी घातली असती!

भाईजानांचे शेजारी जुने शिकारी. ते म्हणाले, धडक आपल्यासमोर झाली असेल आणि थंडी असेल तरच हात लावावा. उन्हाळ्यात मांस बघता बघता नासते. धडकेत आतडी फुटली असतील तर आतली घाण मांसात उतरते. शिवाय २०१२पासून या राज्यात हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग सापडतो आहे. माणसाला तो झाल्याचे अजून सिद्ध झालेले नाही. पण शिजवूनही त्याचे मूळ मरत नाही. म्हणून रोगट हरीण खाऊ नये असे सरकार सांगते, आणि रोग असलेल्या भागातून हरणाचे डोके व पाठीचा कणा बाहेर नेण्यास बंदी आहे.

शेजारी दर हिवाळ्यात आपुलकीने एखादे पाकीट देऊ करतात. भाभीजान ते घेत नाहीत. हरीण हलाल जनावर आहे, यात वाद नाही. पण मार लागून मेलेले जनावर सूरह माइदाने मनाई केलेल्यांत येते. जीव असताना ज़बह केले तरच ते चालते.

"मग जखमी हरीण तिथेच ज़बह केले तर?" आमच्या लेकीने विचारले.

शेजाऱ्यांनी मान हलवली. जखमी हरणापासून लांब राहायचे आणि कमिशनला किंवा पोलिसांना बोलवायचे. त्याला मारायचे तर ते काम त्यांचे, आणि ते बहुधा गोळीनेच होते. म्हणजे कायद्याची परवानगी हरीण मेल्यावर सुरू होते, आणि आपली तिथेच संपते. भाभीजानांनी हे शेजाऱ्यांना एकदा नीट समजावले होते. त्यांना राग आला नाही. उलट ईदच्या आधी त्यांनीच आपली पिकअप गाडी काढून भाईजानांना लँकेस्टर परगण्यातल्या न्यू हॉलंडच्या बाजारात नेले. तिथे सोमवारी शेळ्या-मेंढ्यांचा लिलाव असतो. बोकडाचे दात शेजाऱ्यांनीच तपासले म्हणे.