अलास्काचा बेत

सिॲटल येथील आमच्या चिरंजीवांनी येत्या जूनमध्ये सहकुटुंब अलास्कास जाण्याचा बेत कळविला. दहा दिवस आणि सात ठिकाणे! मी नकाशा पुढे घेऊन बसलो.

अलास्का म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट विस्ताराचा मुलूख. अमेरिकेने तो १८६७ साली रशियाकडून विकत घेतला. आजही तेथे वस्ती विरळ व रस्ते थोडे; राजधानी जूनो येथेदेखील बाहेरून मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. अशा प्रदेशात सात ठिकाणे करणे म्हणजे सारी सुटी वाटेतच घालविणे होय. आणि नातवंडांचा सहवास आम्हांस वर्षातून एवढाच.

सर्वांस ओढ आहे ती २०,३१० फूट उंच देनाली शिखराची. परंतु उन्हाळ्यात ते दिवसेंदिवस मेघांआड राहते. शिवाय तेथील राष्ट्रीय उद्यानात खासगी मोटार पहिल्या १५ मैलांपुढे नेऊ देत नाहीत; पुढे बसनेच जावे लागते. तेव्हा पाच ठिकाणे खोडली. अँकरेजहून आगगाडीने देनाली, व तेथे सलग पाच रात्री मुक्काम, असे ठरविले. त्या दिवसांत सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो व पुरता काळोख होतच नाही. तेव्हा मुलांची झोप व माझी सायंसंध्या, दोन्ही घड्याळाच्या स्वाधीन!

इतके करूनही शिखर न दिसले तर, अशी मी शंका काढली. सौ. गुडघ्यांस तेल चोळीत म्हणाली, "पंढरपुरास दर्शनासाठी रात्रभर बारीत उभे राहिलोच ना? तेथे निदान बसावयास तरी मिळेल!"