लाखेचा रंग

रंगांच्या दोन जाती आहेत : एक झाकणारा आणि दुसरा दाखवणारा. खिडकीच्या गजांना आपण तेलरंग देतो, तो पहिल्या जातीचा. त्याच्याखालचे लोखंड नवे आहे की जुने, याची तो कोणाला दाद लागू देत नाही. आणि गज गंजापासून वाचवायचे तर तेच योग्यही आहे. दुसऱ्या जातीचा रंग मात्र लाल काचेच्या बांगडीसारखा असतो. तो आपले तेज दाखवतोच, पण आतले मनगटही लपवत नाही. लाकडी वाद्यांना देतात तो रंग या दुसऱ्या जातीचा. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून उतरल्यावर तो मला स्वतःच्या हातांनी देता आला, आणि आयुष्यभर खडू धरलेली माझी बोटे महिनाभर तांबडी राहिली.

नातीला गाण्याची गोडी लागली आणि तिला तंबोरा हवा झाला. भोपळ्याचा मोठा तंबोरा घेऊन एस. टी.तून रोज शिकवणीला जाणे म्हणजे एक दिव्यच! तेव्हा आमच्या शेजारच्या मिस्त्रींनी फळ्यांच्या पेटीचा, चपटा तंबोरा घरीच करायचे ठरवले. लाकूड शोधायला कोठे जावे लागले नाही. आमचे मूळ गाव बाभुळगाव तालुक्यातले. बेंबळा धरणाच्या जलाशयात ते बुडाले. गाव सोडताना ज्याने त्याने आपल्या घराच्या तुळया, चौकटी आणि दारे उचलून नेली. आमचे पुढचे सागाचे दार तेव्हापासून माळ्यावर पडून होते. मिस्त्रींनी रंधा फिरवला, तशी वर्षानुवर्षांच्या धुराची काळी साल गळून पडली आणि आतून सोनेरी लाकूड हसले. यवतमाळच्या सागाची थोरवी मी भूगोलाच्या तासाला पुष्कळ वेळा सांगितली होती. तिचा सुगंध मात्र त्या दिवशी कळला.

रंग कसा असावा, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक दुपार घालवली होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे ही वाद्यकला रुजवली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला त्या दुपारची आठवण झाली. तेथे तंबोऱ्यासाठी तुनाचे लाकूड वापरतात. तून, परदेशातून आलेली महोगनी आणि आपल्या अंगणातला कडुनिंब ही तिन्ही झाडे एकाच कुळातली, हे ऐकून विद्यार्थी नेहमी चकित होत. परदेशात गिटारीसाठी महोगनी वापरतात, तिच्यावरही असाच आरपार दिसणारा तांबूस रंग चढवतात. त्या गल्लीत दारादारांत वाळत टांगलेले तंबोरे पाहून वाटले, की जणू संध्याकाळचे ऊनच कोणीतरी खुंटीला अडकवले आहे.

या रंगाचे मूळ एका क्षुद्र किड्यात आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगातून पाझरणाऱ्या रसाचे कवच स्वतःभोवती बांधतात. तीच लाख. ती धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवतात. फाल्गुनात आमच्या जिल्ह्याची रानेच्या राने केशरी करून सोडणारा पळस असा निराळ्या वाटेने लाकडावरही चढतो!

काम दिसते सोपे, पण ते घाईच्या माणसाचे नव्हे. साग तेलकट, म्हणून तो आधी स्पिरिटने पुसावा लागतो, नाहीतर लाख धरत नाही. मग काचकागद, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. ओल्या फडक्याने पुसले की दबलेले तंतू उभे राहतात; ते वाळवून पुन्हा घासायचे. खडूच्या भुकटीत गेरू कालवून लाकडाची छिद्रे भरायची आणि वरचे सारे पुसून टाकायचे. त्यानंतर बिनरंगी लाखेचा एक हात. तो दिला नाही तर फळीच्या आडव्या कापलेल्या टोकांत रंग अधिक शिरतो आणि कडा काळवंडतात. तेव्हा कोठे रंगीत लाखेची पाळी! कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळावा, त्याला तेलाचा एक थेंब लावावा आणि तो फिरता ठेवावा. क्षणभर थांबला की डाग पडलाच. मिस्त्री सारखे बजावत, "गुरुजी, हात उचला, पण थांबू नका!" पावसाळ्यात तर हे काम करूच नये, दमट हवेत लाखेवर पांढुरकी साय धरते.

या रंगाची खरी मौज प्रकाशाने होते. प्रकाश रंगाच्या थरातून आत जातो, लाकडावर आपटतो आणि त्याच थरातून परत येतो. म्हणजे तो दोनदा गाळला जातो. म्हणूनच तांबडा रंग पिवळ्या सागावर केशरी होतो. त्याच सागावर निळा दिला तर तो हिरवट दिसेल.

पाच हात झाले आणि तबलीवर वाटाण्याएवढे एक भोक व त्याभोवती काळेनिळे वलय ठळक दिसू लागले. सागात लोखंड गंजले की असे वलय उमटते. दारावर तोरण बांधायचा खिळा होता, त्याची ती जागा. गाव सोडायच्या दिवशी आईने तो खिळा स्वतः उपटला आणि काही न बोलता पदराच्या गाठीत बांधला.

आमच्या चिरंजीवांना तो डाग खुपला. "बाबा, चारचौघांत वाजवायचे वाद्य आहे. सरळ काळा तेलरंग देऊ या." मिस्त्रींना तेलरंग पसंत नव्हता. जाड थराने पातळ तबली जड होते आणि तिचा नाद दबतो. पण लाख खरवडून ऑक्झॅलिक आम्लाने वलय पुष्कळसे उजळता येईल, असे तेही म्हणाले. मी गप्प राहिलो. तंबोरा जिचा, तिने ठरवावे.

नातीने भोकावर बोट फिरवले. "आबाजी, पणजीचा खिळा येथे होता?"

"हो."

"मग भोक तेवढे बुजवा. काळे राहू द्या."

मिस्त्रींनी भोकात सागाची बारीक खुंटी ठोकली आणि काचकागदाने सपाट केली. वलयाला कोणी हात लावला नाही. त्यावर आणखी दोन हात रंगीत लाखेचे आणि शेवटचे बिनरंगी लाखेचे दिले. आठ दिवसांनी घोडी बसली, चार तारा चढल्या. तारांखाली दोरा सरकवत सरकवत नातीने षड्ज लावला.

तंबोरा आडवा ठेवून ती वाजवते, तेव्हा ते वलय तिच्या हाताखाली येते. वाजवून झाल्यावर भिंतीला टेकवला, की खोलीत येणाऱ्याच्या दृष्टीस ते प्रथम पडते.